वाळूच्या टेकड्यांतला बघण्याचा कार्यक्रम

वाळवंटात जाऊन मुलगा बघून आलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच. याआधी आमच्याकडची माणसं स्थळं बघायला गेली ती अकोल्याला, फार तर इंदूरला. मी गेले पश्चिम टेक्ससातल्या वाळूच्या टेकड्यांत, एका तंबूत, आणि मधल्या वेळात उंटावरही बसून आले. परत आल्यापासून फ्रिस्कोतल्या आमच्या भिशीच्या बायका भेटतील तिथे अडवून विचारताहेत, काय काय झालं ते सगळं सांग. दर वेळी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

आधी माणसं सांगते. इरा ही माझी भाची, पुण्याला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची, वसूची, एकुलती एक मुलगी. डॅलसला जमिनीखालच्या पाण्यावर पीएचडी करते. त्याच लॅबमध्ये अनीर नावाचा उंच, कमी बोलणारा मुलगा आहे. दोघांचं जमलं. मुलगा अमेरिकेत वाढलेला, पण आईवडील मोरोक्कोचे, तिथल्या डोंगराळ खोऱ्यातले बर्बर. आता 'बर्बर' या शब्दाचा मराठीत 'रानटी' असा जो अर्थ आहे तो वसूला ठाऊक असल्यामुळे पहिल्याच फोनवर बरीच पळापळ झाली. इराने समजावलं, की ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, बर्बर हे बाकीच्यांनी ठेवलेलं नाव. वसू म्हणाली, "नाव काहीही असू दे, माझी झोप उडाली ती उडालीच."

वसूचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. इराला तिने एकटीने वाढवलं आणि ते किती एकटीने, हे मी इतक्या लांबून फोनवरच ऐकत आले. तिला व्हिसाची तारीख मिळेना. शेवटी एके दिवशी तिने मला सांगितलं, "ताई, तू जाऊन बघून ये. ते मुसलमान आहेत, वेगळं खातात, वेगळं बोलतात, हे सगळं मला कळलंय आणि त्यावर माझं रडूनही झालंय. घर केवढं, गाडी कुठली, काही सांगू नकोस. एवढंच बघ, की त्या माणसांत माझी मुलगी एकटी पडेल का. आणि हो की नाही, ते तू काही बोलू नकोस. ते मी बोलेन."

एका संध्याकाळच्या भेटीत हे कसं बघायचं असतं, हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही. पण मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला जायची भयंकर हौस होती.

शनिवार, दुपार

अनीरचे आईवडील मोनाहान्स नावाच्या गावाजवळ भाड्याने घेतलेल्या रानात तंबू टाकून 'डेझर्ट ईव्हनिंग' चालवतात. म्हणजे संध्याकाळी वाळूत फिरायचं, उंटावर बसायचं, मोरोक्कन जेवायचं आणि मग ढोल आणि नाच. तिकीट काढून लोक येतात. आम्हाला त्यांनी सुट्टीच्या दिवशी न बोलावता मुद्दाम कार्यक्रमाच्या दिवशी बोलावलं. अनीरच्या वडिलांचा निरोप होता, की बघायचंच आहे तर आम्हाला आमच्या कामात बघा. मला हे फार आवडलं. आपल्याकडे बघायला जातात तेव्हा सोफ्याची कव्हरंसुद्धा नवीन असतात.

आमचे हे म्हणाले, "तू एकटीच जा. तू बघून येशील, मी गेलो तर नुसता जेवून येईन." ते खरंच होतं. मग मी नारळाच्या वड्यांचा डबा भरला, दोन स्वेटर घेतले आणि इराच्या गाडीत बसले. गाडी तिने चालवली. वाटेत तिने मला फार सूचना दिल्या. "मावशी, प्लीज पगार विचारू नकोस. आणि 'तुमच्यात चार करतात ना' असलं काही नको हं." मी म्हटलं, एवढी अक्कल मला आहे. पण दुसरा प्रश्न माझ्या मनात होता, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

मिडलंड मागे पडलं, की दोन्ही बाजूंना तेलाचे पंप दिसू लागतात. मान खाली, मान वर, न थकता चाललेलं असतं त्यांचं. सपाट, तपकिरी, झुडपांची जमीन. वाळवंट म्हणावं तर असं काही दिसत नाही, आणि मी मनात म्हणतेय की फसवलं आपल्याला. मग मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि समोर एकदम वाळू. पांढुरकी, मऊ, ओळीने उठलेल्या टेकड्या, त्यांच्यावर वाऱ्याने ओढलेल्या बारीक रेघा. टेकड्यांच्या मधून गुडघ्याएवढे ओक. ओक म्हणजे केवढं झाड असतं, पण इथे ते पाणी शोधत मुळं खोल धाडतं आणि वर वाढायचंच विसरतं. ही माहिती इराची. पाण्याचा विषय निघाला की ती थांबत नाही.

वाळूत रोवलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'बर्बर नाइट' लिहिलं होतं. मी इराकडे बघितलं. इरा म्हणाली, "हामूंना विचारलं होतं मी. ते म्हणाले, लोक गूगलवर हाच वर्ड टाकतात, मग काय करणार."

संध्याकाळ

हामू म्हणजे अनीरचे वडील. सत्तरीला आलेले, पण पायांत चाकं असल्यासारखे. निळा पायघोळ झगा, डोक्याला पिवळा फेटा, आणि खाली टेक्ससचे चामडी बूट. त्यांनी छातीवर हात ठेवून मला नमस्कार केला. मी हात जोडले. मग त्यांनी हात जोडले आणि मी छातीवर हात ठेवला. असं बराच वेळ चाललं. शेवटी अनीर म्हणाला, "मावशी, चला आता," तेव्हा आमची सुटका झाली. 'मावशी' हा शब्द त्याने इतका स्वच्छ उच्चारला, की त्याने आरशासमोर सराव केला असणार.

अनीरची आई फादमा चुलीपाशी होती. ठेंगणी, रुंद, हनुवटीवर गोंदलेलं. आमच्या आजीच्या हनुवटीवर होतं तसंच, बारीकसं. ते बघितल्यावर मला उगाचच ओळखीचं वाटू लागलं. इरा तिला 'खाल्ती' म्हणते. खाल्ती म्हणजे मावशीच. तिचं इंग्रजी जेमतेम आणि त्यांच्या तामाझिघ्त भाषेत मी शून्य, त्यामुळे आम्ही दोघी पहिला अर्धा तास नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो. मी वड्यांचा डबा दिला. तिने तिथेच उघडला, एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि डबा चुलीमागे लपवला. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून.

गिऱ्हाइकं दहाबारा होती. बहुतेक अमेरिकन, त्यात एक निवृत्त जोडपं ह्यूस्टनहून आलेलं. त्या आजींचं नाव बार्बरा. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यांच्या घरच्या का?" मी काय सांगणार. म्हटलं, अजून ठरायचंय.

उंट एकच होता आणि त्याचं नाव बिस्किट. ज्यांना उंट उठतो कसा हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तो आधी मागचे पाय उभे करतो. म्हणजे आपण सरळ त्याच्या मानेवरून पुढे जायच्या बेतात असतो. मग पुढचे पाय उठतात आणि आपण तितक्याच जोराने मागे. या दोन्हींच्या मध्ये मी "अगं बाई गं" असं ओरडले, ते टेकड्यांत घुमलं आणि सगळी गिऱ्हाइकं हसली. उजव्या पायातला बूट वाळूत पडला. अनीरने तो उचलून, झटकून, माझ्या पायात चढवला आणि दोर धरून पुढे चालू लागला. मी ते मनात टिपून ठेवलं. बघायला गेलेलं माणूस असंच सगळं टिपत असतं.

टेकडीच्या माथ्यावरून सूर्य बुडताना बघितला. वाळू आधी पिवळी, मग गुलाबी, मग जांभळट झाली आणि लगेच गार पडली. दूर एका तेलाच्या विहिरीवर ज्योत पेटलेली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई उंटावर बसून हे बघते आहे, आणि हे सगळं भाचीचं लग्न ठरवायच्या निमित्ताने. मला इतका आनंद झाला की मी बिस्किटच्या मानेवर थाप मारली. त्याने वळून माझ्याकडे नापसंतीने बघितलं.

खाली आलो तर हामू वाळूतून भाकरी काढत होते. खरंच वाळूतून. निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत जाड कणकेचा गोळा पुरायचा, वर राख आणि निखारे. बाहेर काढून फडक्याने झटकला, काठीने ठोकला, की भाकरी तयार. बार्बराबाई हळूच विचारत होत्या की वाळू दाताखाली येत नाही का. मला मात्र एकदम रोडगे आठवले. अमरावतीकडे आम्ही गोवऱ्यांच्या राखेत भाजतो, ते असेच झटकून घेतात. मी हामूंना हातवारे करून सांगितलं, आमच्याकडेही राख, आमच्याकडेही झटकणं. त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडून मला दिला. वाळू दाताखाली आली, थोडीशीच.

जेवण तंबूत, गालिच्यावर बसून. आणि इथे माझी पहिली परीक्षा होती. एका मोठ्या मातीच्या परातीत सगळं जेवण, आणि पाच जणांनी त्यातूनच जेवायचं. उष्टं या विषयावर आमच्या घरात काय काय झालेलं आहे ते इथे सांगत बसत नाही. बार्बराबाईंनी वेगळी प्लेट मागून घेतली. मी मागणार होते, पण फादमा आमच्याच परातीशी येऊन बसली. इरा आणि मी शाकाहारी, म्हणून तिने आमच्यासाठी भोपळा, हरभरे, गाजर आणि सुक्या आलुबुखाऱ्यांचं वेगळं शिजवलं होतं, आणि बाकीच्यांचं मटण सोडून ती आमच्यातच जेवणार होती. मग मी गुपचूप भाकरी मोडली.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की प्रत्येक जण आपल्या समोरचाच भाग खातो आहे. परातीत न आखलेल्या हद्दी असतात आणि त्या कुणी ओलांडत नाही. दुसऱ्याच्या हद्दीत हात जातो तो फक्त द्यायला. फादमाने भोपळ्याची सगळ्यात चांगली फोड भाकरीने ढकलत माझ्या हद्दीत आणली, मग एक इराच्या. मुलाच्या हद्दीत काही ढकललं नाही. तो आपला गाजरं खात बसला.

जेवणं झाल्यावर ढोल निघाले. ढोल कसले, आपले डफच, मोठाल्या चाळणीएवढे. हामू आणि त्यांचे दोन साथीदार ते शेकोटीजवळ धरून शेकत होते, बोटांनी वाजवून बघत होते, पुन्हा शेकत होते. मी इराला म्हटलं, "आपल्याकडे असंच करतात गं, कातडं ताठ व्हायला." ती म्हणाली, "मावशी, तू आल्यापासून प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे असंच असं म्हणतेस." मी म्हटलं, आहे तर म्हणू नको का?

मग सुरू झालं. आधी एकच डफ, हळू. मग तीन. पुरुष एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, आणि समोर फादमा आणि अजून दोन बायका. एकीकडून ओळ गायची, दुसरीकडून उत्तर. पाय जागचे फार हलत नाहीत, गुडघे लवतात आणि अख्खी ओळ एका अंगाची असल्यासारखी डुलते. लय चढत गेली तशी माझी मान आपोआप हलायला लागली, मग खांदे. फादमाने हात पुढे केला. मी काही आढेवेढे घेतले नाहीत. तिच्या आणि ओळीत आधीच शिरलेल्या बार्बराबाईंच्या मधे घुसले आणि डुलायला लागले. पावलं चुकत होती, पण फादमाचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, तो मला कळवत होता आता खाली, आता वर. भोंडल्याचा फेर धरताना शेजारणीच्या हाताने कळतं, तसं. मी घामाघूम झाले त्या थंडीत. कितीतरी वर्षांत इतकी मजा केली नव्हती.

चहा

लय थांबली, लोक टाळ्या वाजवून दमले, आणि हामू सगळ्या पाहुण्यांना दुर्बिणीतून तारे दाखवायला टेकडीपलीकडे घेऊन गेले. दुर्बीण उचलायला अनीरही गेला. फादमाने आम्हाला दोघींना खूण केली आणि आपल्या राहायच्या लहान तंबूत नेलं.

तिथे आम्हाला बसवून, पडद्याआड जाऊन ती कपडे बदलून आली. चांदीचं काहीतरी कपाळावर बांधलं होतं. पितळी तबकात छोटे रंगीत ग्लास, किटली, पुदिन्याची जुडी, आणि मधोमध निळ्या कागदातला एक सुळका. तिने कागद सोडला. आत अख्खी साखर, वीतभराहून उंच, रुखवतात मांडावी अशी पांढरीशुभ्र. शेजारी पितळेची हातोडी. तिने तबक माझ्यासमोर सरकवलं, इराच्या समोर नाही, माझ्या. किटलीत उकळता हिरवा चहा होता. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, माझ्या डोळ्यांत बघत तिने विचारलं, "यू... शुगर?"

आता माझं ऐका. मला डायबेटिस आहे. आमच्या ह्यांना आहे. वसूलाही आहे. आमच्या पिढीच्या कुठल्याही मराठी घरात चहा विचारला की दुसरं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडतं. मी दोन्ही हात हलवून म्हणाले, "नो नो, नो शुगर. नो शुगर प्लीज." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून मी पुढे म्हणाले, "इन अवर फॅमिली, नो शुगर. नेव्हर."

फादमाने मान खाली घातली. निळा कागद पुन्हा सुळक्याभोवती गुंडाळला, अगदी सावकाश. किटली उंच धरून तिने चहा ओतला. चहा कडू जहर होता. तरी पाहुणी म्हणून गेले होते, तेव्हा दोन घोट घेऊन मी म्हणाले, "व्हेरी गुड. परफेक्ट."

मग ती उठली आणि जाऊन इराजवळ बसली. स्वतःच्या अंगावरची लोकरीची शाल काढून तिने इराला गुंडाळली, गळ्यापर्यंत. तिचा हात हातात घेतला. काहीतरी पुटपुटत राहिली आणि डोळे पुसायला लागली. इरा गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "मावशी, खाल्तीला काय झालं गं? माझ्याकडे बघून रडतायत यार." मला वाटलं, चुलीचा धूर गेला असेल डोळ्यांत.

तेवढ्यात अनीर आला. त्याने तबक बघितलं, गुंडाळलेला निळा कागद बघितला. आईला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिने दोन शब्दांत उत्तर दिलं, इराचा हात न सोडता. तो तबकाशेजारी बसला. मग मला म्हणाला, "मावशी, तुम्ही खरंच नाही म्हणालात?"

"व्हॉट?" इरा म्हणाली. "कशाला नाही म्हणाली?"

त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या खोऱ्यात मुलीच्या घरच्या माणसांसमोर साखरेचा अख्खा सुळका ठेवतात. त्यांनी हातोडी उचलून साखर फोडली आणि चहात घातली, तर होकार. बिनसाखरेचा चहा प्यायले, तर नकार. तोंडाने नाही कुणालाच म्हणावं लागत नाही, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही. "मी यम्माला, म्हणजे आईला, सांगितलं होतं, हे अमेरिकेत राहू दे. ती हो म्हणाली होती. सुळका मोरोक्कोहून मागवलाय, हे मला आत्ता कळतंय. तुम्ही येताना गोड घेऊन आलात ना, म्हणून तिला वाटलं होतं..."

मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे काय वेगळं आहे? आपणही तोंड गोड करा म्हणतो, आपल्याकडेही साखरपुड्यानेच लग्न पक्कं होतं. दिवसभर प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे असंच म्हणत फिरलेल्या मला नेमकं हेच दिसू नये!

इरा हसायला लागली आणि मग थांबली, कारण दुसरं कुणी हसत नव्हतं. मी अनीरला म्हटलं, "अरे, तिला सांग ना, मला डायबेटिस आहे. डॉक्टरने साखर बंद केली आहे."

तो सांगायला वळला आणि अर्ध्यात थांबला. "सांगतो," तो म्हणाला. "पण मग ती कागद पुन्हा सोडेल आणि पुन्हा विचारेल. तेव्हा तुम्ही काय सांगणार?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझी चूक दुरुस्त करायची तर होकार द्यायला हवा होता, आणि होकार देणं माझ्या हातात नव्हतं. वसूने बजावून सांगितलं होतं. नाही तर आहे ते तसंच राहू द्यायचं, म्हणजे नकार. मी त्या दोन्ही पोरांकडे बघितलं. इराचा चेहरा आता पांढरा पडला होता.

एक गोष्ट मात्र मला विचारायचीच होती. मी अनीरला म्हटलं, "आईला विचार, मी नाही म्हटल्यावर ती इराजवळ का जाऊन बसली? तुझ्याकडे का नाही आली? तू तर इथेच बाहेर होतास."

त्याने विचारलं. फादमाला प्रश्नच विचित्र वाटला असावा. ती थोडं बोलली, इराच्या डोक्यावरून हात फिरवत. अनीरने ते मला इंग्रजीत सांगितलं. "ती म्हणते, याला मी आहे, याचा बाप आहे. ही पोर आई इतक्या लांब असताना इथे आली आणि तिच्याच माणसाने नाही म्हटलं. आज रात्री तिच्याजवळ कोण बसणार?"

मी उठले. म्हटलं, मला फोन करायचाय, रेंज कुठे मिळेल? अनीर म्हणाला, टेकडीवर एखादी काडी मिळते. मी त्या वाळूत चढायला लागले. एक पाऊल पुढे जायचं आणि अर्धं मागे घसरायचं. आज उंटाने नेलं होतं तिथे आता स्वतःच्या पायांनी, धापा टाकत. पुण्यात सकाळ झालेली. वसूने पहिल्याच रिंगला उचलला. मागे कपात चमचा फिरल्याचा आवाज येत होता. बिनसाखरेच्या चहात ही चमचा का फिरवते, हे मला कधी कळलेलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं, साखर, हातोडी, निळा कागद आणि माझा मूर्खपणा. मग फादमा काय म्हणाली ते सांगितलं. चमचा थांबला.

"आधी इराजवळ गेली?" वसूने विचारलं.

"आधीही आणि नंतरही. मुलगा आत आला तरी तिथून हलली नाही. अजून तिथेच बसली असेल."

मग वसूने नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "मग ताई, तू वर काय करत बसली आहेस? खाली जा. त्या थांबल्या असतील."

"वसू, मला नीट सांग. घालू साखर?"

"घाल. माझ्या हातची म्हणून घाल. आणि पी, नुसतं ओठाला लावू नकोस. एक दिवस शुगर वाढली तर वाढू दे."

मी खाली उतरले म्हणजे जवळजवळ बसूनच घसरले. बुटांत, मोज्यांत, केसांत वाळू. तंबूत तिघं जशी होती तशीच बसलेली. मी तबक ओढलं, निळा कागद सोडला आणि हातोडी उचलली. पहिल्या ठोक्याला सुळक्यावर ओरखडासुद्धा उमटला नाही. अनीर पुढे झाला, पण फादमाने त्याला हाताने मागे सारलं. ठोका मुलीच्या माणसाचाच हवा. मी पदर खोचल्यासारखा स्वेटर खोचला आणि पुन्हा मारला. टोकाचा मोठा खडा तुटून गालिच्यावर घरंगळत गेला. इराने तो उचलून माझ्या हातात दिला, आणि मी तो किटलीत टाकला.

फादमाने चहा ओतला. ओतताना ती इराकडेच बघत होती, बराचसा तबकात सांडला. सगळे माझ्याकडे बघत होते. चहा इतका गोड होता की दाढेत कळ गेली. मी पूर्ण ग्लास प्याले आणि पुन्हा पुढे केला. बाहेर हामू पाहुण्यांना घेऊन परत आले होते. आतून फादमाने हाक मारून त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण लगेच डफ वाजायला लागला, न शेकता, तसाच, थंडगार.

निघताना फादमाने उरलेला सुळका निळ्या कागदात घट्ट गुंडाळला, वरून आपला रुमाल बांधला आणि माझ्या हातात ठेवला. मी पुन्हा नको म्हणायच्या बेतात होते, पण वेळेवर जीभ चावली. ती म्हणाली, "नॉट यू. हर मामा."

तो आता फ्रिस्कोत आमच्या कपाटात, देवाशेजारी ठेवला आहे. वसूला व्हिसाची तारीख मिळाली आहे. ती येऊन फोडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी घरात सांगून ठेवलं आहे.